१९व्या शतकात फ्रान्समध्ये झिलई दिलेल्या स्टोनवेअरचे प्राणी कोणी घडवले?

सगळ्यात आधी झाँ कारिएसचं काम बघा. ल्योंचा हा शिल्पकार (१८५५–१८९४) पॅरिसच्या १८७८च्या जागतिक प्रदर्शनात जपानी स्टोनवेअर (खूप उष्ण भट्टीत भाजलेल्या मातीच्या वस्तू) पाहून भारावला आणि १८८८मध्ये थेट सां-आमां-आं-प्युइजे या कुंभारांच्या गावी जाऊन राहिला. त्याचे बेडूक तर अप्रतिम! साधारण १३०० अंशांच्या भट्टीत माती दगडासारखी घट्ट होते, आणि वरून ओघळलेली मंद झिलई बेडकाच्या ओलसर, खरबरीत कातडीसारखीच दिसते. चकचकीत रंगवलेल्या मातीच्या प्राण्यांत मला ही जादू कधी दिसली नाही. अर्धा माणूस, अर्धा बेडूक असलेला त्याचा ‘ग्रेनुइयार’ही जरूर शोधा. त्याच्या कामाचा मोठा संग्रह पॅरिसच्या पती पाले संग्रहालयात आहे.