बाजू पालटण्याआधी
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं : हार्ड रॉक, प्रोग्रेसिव्ह मेटल

मागच्या अंकात माझ्या घरातल्या तीन रेकॉर्डांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतो. नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. तीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. घरात १४० च्या आसपास रेकॉर्ड आहेत, बहुतेक मुंबईच्या चोरबाजारातून एकेक करून आणलेल्या. मी अल्बमला तारे देत नाही. एक बाजू सलग ऐकतो, उठतो, रेकॉर्ड पालटतो, दुसरी ऐकतो. महिनाभरात कोणत्या बाजूकडे हात पुन्हा पुन्हा जातो ते पाहतो आणि मगच लिहायला बसतो.

भाऊ, माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. इंग्रजी गाण्यांचे शब्द अर्धेअधिक समजत नाहीत. डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’वर लिहायची फार इच्छा आहे. शब्द न समजता परीक्षण लिहिणं खोटं होईल का?
(एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका)

अजिबात नाही. तुम्ही तर झाडीपट्टीतले. दिवाळी झाली की तुमच्याकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. ऑर्गनवाल्याने सूर धरला की पार मागे सतरंजीवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं, आता पोरीची पाठवणी आहे की भावाभावात कुऱ्हाड निघणार आहे. संवाद तर नंतर येतो. तोच कान ‘मशीन हेड’ला लावा.

त्यातला ऑर्गन जॉन लॉर्डचा. हॅमंड ऑर्गन तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा, म्हणून त्या ऑर्गनला गिटारसारखी खरखर आहे. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, ‘स्मोक ऑन द वॉटर’, शब्दांकडे लक्ष न देता ऐका. आधी एकटी गिटार. मग हाय-हॅटची, म्हणजे ड्रमजवळच्या जोडझांजेची, टिकटिक. मग ऑर्गन गिटारच्याच सुरावर येऊन बसतो आणि तीच चाल दुप्पट जाड होते. मग ड्रम, बेस आणि सगळ्यांत शेवटी गळा. कोण कधी आत आलं आणि आल्यावर काय बदललं, एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत तरी परीक्षणाचा कणा तयार झाला.

त्या गाण्याचा अर्थ मात्र सांगून ठेवतो, कारण तो अल्बमच्या जन्माचाच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडच्या माँत्रोला रेकॉर्डिंग करायला गेली होती. ठरलेली जागा म्हणजे तिथला कॅसिनो. ४ डिसेंबरला फ्रँक झॅपाचा कार्यक्रम सुरू असताना त्याला आग लागली आणि तो जळाला. सरोवरावर पसरलेला तो धूर गाण्यात आला. मग हिवाळ्यामुळे बंद असलेल्या एका मोठ्या हॉटेलात गाद्या उभ्या करून आवाज कोंडला आणि बाहेर उभ्या केलेल्या फिरत्या स्टुडिओच्या गाडीत अल्बम टिपला. हे समजल्यावर मी ‘लेझी’ पुन्हा लावलं, आणि रिकाम्या इमारतीत हात मोकळा सुटलेली पाच माणसं मला त्यात ऐकू यायला लागली. माझा हात दुसऱ्या बाजूकडेच जास्त जातो. पहिल्या बाजूत ‘हायवे स्टार’ आणि ‘पिक्चर्स ऑफ होम’ पक्की, ‘नेव्हर बिफोर’ मला कधीच भिडलं नाही.

काका, ड्रीम थिएटरच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ची रेकॉर्ड खूप पैसे जमवून घेतली. पहिलंच गाणं शेवटी धाडकन तुटतं. पहिल्यांदा वाटलं लाइन गेली, पण तबकडी तर फिरतच होती. माल खराब आला का?
(एक विद्यार्थिनी, दर्यापूर)

बाई, माल चांगला आहे, परत करू नकोस. १९९२ सालच्या या अल्बममधलं ‘पुल मी अंडर’ असंच आहे. आठ मिनिटं चढत-चढत जातं आणि शेवटच्या ओळीवर वाक्य पुरं व्हायच्या आत कापलेलं आहे. गाणं मरणाबद्दलचं आहे, म्हणून मला ती कापणी पटते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही उठून मीटरकडे गेलो होतो. आपल्याकडे लाइन जाणं रोजचंच, त्यामुळे तो धक्का आपल्याला बसतो तसा बॉस्टनच्या पोरांना बसत नसावा. (बॉस्टन म्हटलं ते उगीच नाही. गिटारवाला पेट्रुची आणि बेसवाला मायंग यांना ड्रमवाला पोर्टनॉय तिथल्याच बर्कली कॉलेजात भेटला.) तू ‘लाइन गेली असं वाटलं’ हे परीक्षणात जसंच्या तसं लिही.

दादा, मी भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. हात तालाचा आहे. पण तुम्ही सांगितलेल्या बँडची गाणी ऐकताना सम कुठे आहे तेच समजत नाही. बोटावर मोजतो अन् चुकतो. काहून होते असं?
(एक वाचक, तिवसा तालुका)

कारण तुम्ही आठ मोजत असणार. राष्ट्रसंतांच्या खंजिरी भजनाचा मुलूख तुमचा, हातात केरवा मुरलेला. ही मंडळी पुष्कळदा सातात नाही तर पाचात चालतात, आणि मधेच मोजणी बदलतात. सुरुवात प्रोग्रेसिव्हच्या सोप्या गाण्याने करा. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ घ्या. त्यात सात मात्रा आहेत. रूपकासारखं तीन-दोन-दोन म्हणून पाहा, दोन आवर्तनांत हात बसेल. रूपकात समेवरच ‘खाली’, म्हणजे बिनवजनाची मात्रा, येते. तसं इथे काही नाही, इथे पहिल्या मात्रेला ठोस वजन आहे, एवढं ध्यानात ठेवा.

ते जमलं की टूल या बँडचं २००१ सालचं ‘लॅटरॅलस’. त्याच्या मुख्य भागात एक आवर्तन नवाचं, पुढचं आठाचं, त्यापुढचं साताचं, आणि पुन्हा नऊ. दर खेपेला एक मात्रा गळते. पायरी उतरताना एक पायरी कमी निघावी तसं पोटात होतं. गायकाचे शब्दही मोजून बेतलेले आहेत. आरंभी ओळीतली अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढतात, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज.

बोटं सोडा. मात्रा मोजू नका, गट म्हणा. पखवाजाचा बोल तोंडाने म्हणतो तसे ‘तकिट तक तक’ म्हणत रेकॉर्डसोबत चाला. मी हे जिनिंगमध्ये शिकलो. पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना ठोका देतो, अन् दोन पट्टे कमीजास्त लांबीचे असले की ते ठोके एकत्र येतात, फाकतात, पुन्हा एकत्र येतात. ते एकत्र येणं म्हणजे या संगीतातली सम. ती दूर असते, पण असतेच.

रशच्या ‘२११२’ची पहिली बाजू शेवटाला फाटते. कर्कश होते. दुसऱ्या रेकॉर्डांचंही शेवटचं गाणं तसंच. अल्बमचा दोष समजायचा का?
(एक वाचक, उमरखेड)

हा प्रश्न परीक्षण करणाऱ्या प्रत्येकाने आधी सोडवावा, नाहीतर सुईचा दोष बँडच्या माथी बसतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, काठावरही आणि मध्याजवळही. काठावर चराचा फेरा मोठा, म्हणून सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास चर सरकतो. लेबलजवळ तोच वेग २१-२२ वर येतो. तेवढेच झांजेचे बारीक आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. गोल टोकाच्या सुईला ती बारीक वळणं धरवत नाहीत. लंबगोल टोकाची सुई लावा, कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते त्या डबीचा) कोन तपासा, आणि सुईवरचं वजन कार्ट्रिजसोबतच्या कागदावर असेल तेवढंच ठेवा. बहुतेक चुंबकी कार्ट्रिजना ते दीड ते दोन ग्रॅम असतं.

‘२११२’चं (१९७६) दुर्दैव असं की बाजूभर पसरलेल्या त्या वीस मिनिटांच्या एका रचनेचा सगळ्यांत दणदणीत भाग नेमका त्या कोंदट टोकाला येतो. तरी मी त्या बाजूला माझ्या घरातल्या सगळ्या बाजूंमध्ये वर ठेवतो, आणि ते मधल्या एका जागेसाठी. गोष्टीतल्या माणसाला धबधब्यामागे एक जुनी गिटार सापडते. त्याच्या काळात संगीतावर पुजाऱ्यांचा ताबा आहे, असं वाद्य त्याने कधी पाहिलेलं नाही. मागे पाण्याचा आवाज, आणि ॲलेक्स लाइफसन मोकळ्या तारा एकेक छेडत, पिळत, सुरात आणतो. बेसूर, जरा बरी, मग लागली. मैफलीआधी तबलजी हातोडीने गट्टे ठोकतो ते ऐकायला मी लहानपणी मुद्दाम लवकर जायचो, त्यामुळे ही दोन मिनिटं माझ्या जिवाची आहेत. आधीचा अल्बम पडला होता, कंपनीला लहान गाणी हवी होती. या तिघांनी तरी अख्खी बाजू एका गोष्टीला दिली. दुसऱ्या बाजूची पाच सुटी गाणी ठीक.

उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकतात. धूळ तर विचारूच नका. काय करता?
(एक वाचक, वरोरा)

टिनाखाली ठेवू नका, मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथे ठेवा. उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. सोयाबीन, तूर काढणीच्या दिवसांत मी प्लेअर झाकूनच ठेवतो. बोअरच्या पाण्याने धुवू नका, वाळल्यावर क्षार चरात बसतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, चराच्या दिशेने गोल पुसा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

भाऊ, माझा पोरगा गिटार वाजवायचा. मागच्या हंगामात जिनावर त्याच्या बोटाचं पेर गेलं. आता गिटार भिंतीला टांगली आहे, बोलत नाही जास्त. तुम्ही जिनिंगमधले, म्हणून तुम्हाला लिहितो. त्याला कोणता अल्बम ऐकवू?
(एक वडील, समुद्रपूर तालुका)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रेच्याच्या (जिन यंत्राच्या) रोलरपाशी हात गेलेली माणसं मी उचलून दवाखान्यात नेली आहेत. त्या पोराला ब्लॅक सॅबथचा १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ ऐकवा, पण आधी त्यांच्या गिटारवाल्याची हकीकत सांगा.

टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानेही गिटार सोडलीच होती. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची. ऐकवून झाल्यावर सांगितलं की या माणसाचा हात आगीत भाजला होता आणि हा दोन बोटांवर वाजवतो. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. तारा टोचायच्या, म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे ताण कमी करायला गिटार दीड स्वर खाली उतरवली. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ आणि ‘इंटू द व्हॉइड’ त्याच खालच्या सुरात आहेत. तो जडपणा पुढे हजारो बँडनी उचलला.

पूर्ण अल्बम ३४ मिनिटांचा आहे. शेवटचं ‘इंटू द व्हॉइड’ ऐकवून मग पहिल्या बाजूकडे या. माझ्याकडे याच्या दोन प्रती आहेत, एक तुमच्या पत्त्यावर पाठवतो. प्लेअर नसेल तर पोराला घेऊन रविवारी इकडे या. येताना भिंतीवरची गिटार सोबत आणा. आठ नंबरच्या हलक्या तारांचा एक जोड माझ्या कपाटात आहे आणि चामड्याचे तुकडेही आहेत. टोपणं आपण इथेच करू.