गेटवरचा कॅमेरा आणि ग्रुपवर गेलेली क्लिप

प्रश्न : भुसावळमधल्या चाळीस फ्लॅटच्या आमच्या नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीची मी सचिव आहे. दिवाळीत पार्किंगमधून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या. समितीने घाईघाईने मोठ्या गेटवर आणि मागच्या लहान गेटवर मिळून चार कॅमेरे बसवले आणि खर्च सगळ्यांना सारखा वाटून दिला. सभा नंतर घेऊ म्हणालो, ती राहून गेली. रेकॉर्डरमध्ये १ टीबीची डिस्क आहे आणि चित्रण अध्यक्षांच्या मोबाइलवर थेट दिसतं. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी लहान गेटवरची एक क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. रात्री अकराला तळमजल्यावरच्या एका सभासदांच्या मुलीला कुणीतरी गाडीवर सोडून गेलं, एवढंच त्यात आहे. खाली लिहिलं होतं, ‘पालकांनी लक्ष द्यावं.’ मुलगी नोकरी करते, सज्ञान आहे. आता त्या सभासदांची वकिलामार्फत नोटीस आली आहे : सगळे कॅमेरे काढा, त्यातला एक आमच्या खिडकीत पाहतो, आणि कॅमेऱ्यांचा वाटा आम्ही देणार नाही. अध्यक्ष म्हणतात, नोटिशीला भीक घालायची नाही, उलट जिन्यात प्रत्येक मजल्यावर आवाज टिपणारे कॅमेरे लावायचे. सह्या माझ्या असतात. काय करू? कॅमेरे काढावे लागतील का? आणि आता नवीन घ्यायचे झाले तर कसले घ्यावेत?

उत्तर : ताई, गेटवरचे कॅमेरे काढावे लागणार नाहीत. सामाईक गेटवर, सामाईक सुरक्षेसाठी सोसायटीने कॅमेरा लावण्यात बेकायदा काही नाही, आणि एका सभासदाच्या हरकतीवरून तो उतरवायची गरज नाही. पण नोटीस तेवढ्यावर बाजूला ठेवू नका. खिडकीबद्दलची तक्रार रास्त आहे आणि ती तासाभरात सुटेल. वाटा न देण्याची भूमिका टिकणारी नाही, फक्त तुम्ही सभा न घेतल्यामुळे आज तिला बळ मिळालं आहे. क्लिपबद्दल मात्र त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

भुसावळ रेल्वेचं गाव. लोको पायलट, गार्ड, तिकीट तपासनीस, दवाखान्यातल्या नर्स, यांच्या ड्युट्या घड्याळ पाहून लागत नाहीत. रात्री अकराला, पहाटे तीनला घरी येणं हा तिथल्या कितीतरी घरांचा रोजचा संसार आहे. अशा ठिकाणी एका नोकरी करणाऱ्या मुलीचं घरी येणं चाळीस घरांच्या मोबाइलवर चर्चेला टाकलं गेलं. चोर पकडायला म्हणून सगळ्यांच्या पैशातून घेतलेल्या कॅमेऱ्याने तिच्यावर नजर ठेवली. मला हे फार गंभीर वाटतं, आणि कायद्यालाही.

खासगीपणा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ साली एकमताने सांगितलं. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असला, तरी खासगी वादातही न्यायालयं त्याची दखल घेतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हेतू सिद्ध करावा लागतो हे खरं. पण क्लिपखालची ती ओळ चाळीस जणांनी वाचली आहे, आणि तिचा अर्थ काय घ्यायचा हे अध्यक्ष ठरवणार नाहीत. बदनामीचं कलम ३५६ वेगळंच. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ओळखू येणारा चेहरा हा वैयक्तिक डेटाच. घरगुती कामासाठीची सूट त्या कायद्यात व्यक्तीला आहे, सोसायटीला नाही. म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेलं चित्रण दुसऱ्याच कामाला वापरलं, याचा जाब पुढे सोसायटीलाच द्यावा लागेल.

तर आजच अध्यक्षांना ती क्लिप ग्रुपवरून काढायला सांगा. पण रेकॉर्डरमधलं मूळ चित्रण कुणालाही पुसू देऊ नका, ते वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन सीलबंद ठेवा. त्या सभासदांनी किंवा मुलीने तक्रार केली तर तो पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. ग्रुपवरचा संदेश, वेळ आणि खालची ओळ यांचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. त्यानंतर सोसायटीच्या लेटरहेडवर माफीचं पत्र द्या, आणि ते मुलीच्या नावाने द्या. वडिलांशी बोलून विषय मिटवू नका. मान तिचा दुखावला आहे.

आता खिडकी. कोणता कॅमेरा कुठे पाहतो ते स्वतः मॉनिटरसमोर बसून पाहा, बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. तोंड थोडं फिरवून भागत असेल तर फिरवा. जागा अडचणीची असेल तर हल्लीच्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ची सोय असते : चित्राच्या ठरावीक भागावर काळा चौकोन बसतो आणि तो भाग नोंदलाच जात नाही. समोरच्या कुणाच्या घराची गच्ची चित्रात येत असेल तर तिच्यावरही तोच बसवा. हे काम त्या सभासदांना समोर बसवून करा, मॉनिटरवरच्या चित्राची प्रिंट काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. खिडकीतून घरातली बाई कपडे बदलताना टिपली गेली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि न्याय संहितेचं कलम ७७ यांच्यापर्यंत गोष्ट जाते. तिथे ‘कॅमेरा गेटसाठी होता’ हे उत्तर दुबळं पडतं.

वाट्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. समितीला सभेशिवाय किती खर्च करता येतो याची मर्यादा सभासदसंख्येनुसार तुमच्या उपविधीत दिलेली असेल, ती आधी वाचा. मग पाच स्पष्ट दिवसांची (नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून) नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, दरपत्रकं समोर ठेवा आणि खर्चाला कार्योत्तर मंजुरी घ्या. सेवाखर्च प्रत्येक फ्लॅटला सारखा लावणं सोसायटीत बरोबर आहे. (तुमच्या शेजारी ‘अपार्टमेंट’ म्हणून १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र केलेली इमारत असेल, तर तिथे खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने लागतो. त्यांचं पाहून तुमचं ठरवू नका.) एकदा ठराव झाला की नापसंतीमुळे वाटा अडवता येत नाही. सोसायटीला कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा मार्ग आहे, आणि त्या सभासदांना ठराव चुकीचा वाटला तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा. मात्र माफीचं पत्र पोचण्याआधी वसुलीची नोटीस काढू नका, एवढी माझी विनंती.

जिन्यातले कॅमेरे मला मान्य नाहीत. मजल्यावरच्या कॅमेऱ्यात गेटवरचा चोर दिसत नाही. कोणाच्या दारी कोण आलं, किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, हे दिसतं. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सामाईक घराच्या वादात, बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवणं म्हणजे त्यांच्या खासगीपणाचा भंग, असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. तुमची वस्तुस्थिती वेगळी आहे, पण दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्याला तो निकाल लावून दाखवणं कुठल्याही वकिलाला अवघड जाणार नाही. आवाजाची तर गरजच नाही. गेटवर दोन माणसं उभी राहून घरच्या अडचणी बोलतात, ते सोसायटीच्या दप्तरात कशाला? असलेल्या कॅमेऱ्यांत माइक असेल तर तो बंद करून घ्या आणि तसं ठरावात लिहा.

कसले कॅमेरे घ्यावेत हे तुम्ही वकिलाला विचारलंत, याचं मला बरं वाटलं. कारण चोरी झाली की फुटेज शेवटी आमच्यासमोर येतं, आणि बहुतेकदा त्यात डोक्याचा माथा आणि गाडीचा झगझगीत दिवा, एवढंच असतं. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यात चेहरा येत नाही. गेटवरचा एक कॅमेरा तरी माणसाच्या उंचीहून थोडाच वर, हाताला न लागेल असा, येणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर हवा. अनोळखी माणूस ओळखता यावा यासाठी चित्रात एका मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात, असं प्रमाण या क्षेत्रात मानतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रुंदी १,९२० पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंत तो चेहरा देईल. तुमच्या लहान गेटला तो पुरून उरेल. मोठ्या गेटवर एकाच कॅमेऱ्याने रस्ता, पार्किंग आणि नंबरप्लेट असं सगळं पकडायला जाऊ नका. नंबरप्लेटसाठी अरुंद नजरेचा वेगळा कॅमेरा ठेवा. गेट पश्चिमेला उघडत असेल तर संध्याकाळच्या उन्हात चेहरे काळे पडतात, तिथे डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेणारी सोय) असलेलाच घ्या. आणि रात्रीसाठी गेटवर चांगला दिवा लावा. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा त्याचा उपयोग अनेकदा जास्त होतो.

खरेदी करताना बिलावर मॉडेल नंबर आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक लिहून मागा. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या आवश्यक निकषांवर तपासणी बंधनकारक झाली आहे. त्याआधीचा पडून असलेला माल स्वस्तात कुणी देऊ केला तर नको म्हणा. कॅमेऱ्यात शिरून बाहेरच्याने तुमचं गेट पाहावं, ही भीती खरी आहे. बसवल्या दिवशी कंपनीचा मूळ पासवर्ड बदला, बसवणाऱ्यासमोर नवा टाकू नका.

तुमची डिस्क १ टीबीची आहे. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने दिवसाला २१ ते २२ जीबी नोंदवतो. चार कॅमेऱ्यांना ही डिस्क अकरा-बारा दिवस पुरेल, मग जुन्यावर नवीन चढतं. आता आपल्याकडची रीत पाहा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, सुट्टीत घरंच्या घरं कुलूप लावून गावी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाला पुन्हा तेच. परतून चोरी लक्षात येईपर्यंत फुटेज गेलेलं असतं. किमान ३० दिवस राहायला हवं, त्यासाठी ४ टीबीची डिस्क घाला. त्याहून फार जास्त काळ ठेवायची तुम्हाला गरज नाही, आणि गरज नसताना ठेवूही नये.

रेकॉर्डर वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये नको. भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो, त्या पत्र्याखाली डिस्क टिकणार नाही, आणि तिथे कुणाचाही हात पोचतो. सोसायटीच्या कार्यालयात कुलपाच्या पेटीत, यूपीएसवर ठेवा.

घड्याळ दर महिन्याला जुळवा आणि वहीत नोंद करा. रेकॉर्डरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल तर उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजची प्रत न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं : भाग ‘अ’ यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलीत काही बदललं तर लगेच बदलणारा तिचा ओळख-क्रमांक. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद अशाच चित्रणावर होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही, असं २०२० मध्ये तीन न्यायाधीशांनी ठरवलं. तो भाग ‘अ’ तुम्हाला भरावा लागेल, ताई. म्हणून यंत्र खरोखर तुमच्या ताब्यात हवं, आणि कुणाच्या मोबाइलवरून काय गेलं हे तुम्हाला माहीत हवं. पोलिसांनी फुटेज मागितलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची लेखी नोटीस घ्या, दिल्याची पोच घ्या. रेकॉर्डरच नेत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की अध्यक्षांच्या मोबाइलवरचं थेट चित्रण बंद झालं पाहिजे. कुणाच्याच मोबाइलवर ते नको, तुमच्याही नाही. पासवर्ड दोघांत वाटलेला असावा, अर्धा तुमच्याकडे, अर्धा खजिनदारांकडे. सभासदाने लेखी अर्ज केला, स्कूटरला कोणी ठोकलं वगैरे, तर तेवढ्या वेळेचं चित्रण दोघांच्या उपस्थितीत दाखवावं. प्रत फक्त पोलिसांना किंवा न्यायालयाला. कोणी पाहिलं, कधी, कशासाठी, याची वही. ग्रुपवर एकही सेकंद नाही. दोन्ही गेटवर मराठीत फलक लावा : इथे कॅमेरे आहेत, आवाज नोंदत नाहीत, चित्रण ३० दिवस राहतं, चौकशी सचिवांकडे.

सभेच्या नोटिशीवर विषय वेगवेगळे लिहा : खर्चाला कार्योत्तर मंजुरी, कॅमेऱ्यांच्या जागा व दिशा, चित्रण पाहण्याचे नियम, जिन्यातल्या कॅमेऱ्यांचा प्रस्ताव. शेवटचा विषय अध्यक्षांनी मांडला तर मांडू द्या, पण तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या. सही तुमची आहे म्हणून हे आवश्यक आहे. सभेची तारीख ठरली की त्या सभासदांच्या वकिलांना नोटिशीचं उत्तर नोंदणीकृत टपालाने पाठवा : क्लिप काढली, मूळ चित्रण जपून ठेवलं, खिडकी झाकली, माफीचं पत्र दिलं, बाकी विषय अमुक तारखेच्या सभेपुढे आहेत, आपण यावं. नोटिशीत उत्तराला मुदत दिलेली असेलच, ती संपायच्या आत हे पत्र टपालात पडू द्या.