संदर्भ किती, त्यापेक्षा संदर्भ कसले

प्रिय मित्रा,

प्रकरण वाचलं. एका बायबल-अभ्यासकाचं संशोधन आणि त्याचा प्रभाव असा तुझा विषय, आणि सुरुवात केलीस ती यादीनं: ग्रंथ इतके, लेख इतके, गौरवग्रंथ दोन, इतरांनी त्याचे दिलेले संदर्भ अमुक. खपून काम केलंयस हे दिसतं. पण सगळं वाचून झाल्यावरही या माणसाचं म्हणणं काय होतं, ते मला कळलं नाही.

1805 साली डे वेटे या जर्मन बायबल-अभ्यासकानं येना विद्यापीठात एक लहानसा प्रबंध सादर केला. विषय होता ‘अनुवाद’ (Deuteronomy), म्हणजे बायबलातल्या मोशेच्या पाच पुस्तकांतलं शेवटचं. त्यातल्या एका लांबलचक तळटीपेत त्यानं सुचवलं, की योशीया राजाच्या काळात मंदिरात सापडलेलं नियमशास्त्राचं पुस्तक (2 राजे 22) म्हणजे हेच, निदान याचं जुनं रूप, असावं. योशीया इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला. त्यामुळे पाच पुस्तकांतल्या निदान एका थराला काळ जोडता आला, आणि बाकीचे थर त्याच्या आधीचे की नंतरचे, असं विचारता येऊ लागलं. वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकानं 1878 मध्ये इस्राएलच्या इतिहासाची जी मांडणी केली, तिचा खुंटा हाच. तुझ्या कोष्टकात या तळटीपेला कुठल्या रकान्यात घालशील?

पुढचा टप्पाही बघ. अनुवादापासून 2 राजेपर्यंतची पुस्तकं म्हणजे यहुद्यांच्या बाबिलोनमधल्या बंदिवासाच्या काळात एकाच हातानं रचलेला सलग इतिहास, असं मार्टिन नोथनं 1943 मध्ये मांडलं. फ्रँक मूर क्रॉस या अमेरिकन अभ्यासकानं 1973 मध्ये म्हटलं, एक नव्हे, दोन आवृत्त्या: पहिली योशीयाच्या वेळची, दुसरी बंदिवासातली. नोथचा ‘एकच लेखक’ आज फारसं कुणी जसाच्या तसा मानत नाही. पण त्याच्याशी भांडायचं तरी त्यानंच आखून दिलेल्या मैदानात उतरावं लागतं. खोडून काढलेला सिद्धांत म्हणजे प्रभाव संपला, असं तू दोनदा लिहिलं आहेस. दोन्ही वाक्यं काढ.

मीही हा मोजणीचा खेळ केलेला आहे. तुझ्या वयाची असताना एका भाष्यकाराचे संदर्भ मोजून मोठ्या ऐटीत आकडा घेऊन गेले. मार्गदर्शक म्हणाले, प्रत्येक पान उघड आणि तिथं काय लिहिलंय ते मला सांग. निम्म्याहून अधिक ठिकाणी ‘हेही पाहा’ म्हणून पाच-सहा नावांच्या रांगेत त्याचं नाव उभं होतं. एका ठिकाणी मात्र एका विरोधकानं त्याच्या एका वाचनावर अख्खं परिशिष्ट खर्ची घातलं होतं. माझं प्रकरण तिथं सुरू व्हायला हवं होतं. शिवाय आपल्या क्षेत्रातलं बरंच काम ग्रंथांत, भाष्यांत आणि जर्मन लेखसंग्रहांत पडलेलं असतं. संगणकावरच्या संदर्भसूचीत ते धड येतही नाही.

जुन्या हस्तलिखितांच्या संपादनाचा तर तू एका ओळीत निकाल लावलास. मला ते फार खटकलं. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत प्राचीन हस्तलिखितांच्या पहिल्या गुंडाळ्या 1947 मध्ये मिळाल्या, त्या छापणाऱ्या अधिकृत मालिकेचा पहिला खंड 1955 मध्ये आला, आणि मग वर्षानुवर्षं काम रेंगाळलं. 1990 मध्ये इमॅन्युएल टोव्ह मुख्य संपादक झाले, वाचणारे हात वाढवले गेले आणि खंडांमागून खंड येऊ लागले. यानं काय बदलतं? अनुवाद 32:8 घे. परंपरागत हिब्रू पाठात राष्ट्रांच्या सीमा ‘इस्राएलाच्या पुत्रांच्या’ संख्येप्रमाणे ठरवल्या आहेत. कुमरानच्या चौथ्या गुहेतल्या एका तुकड्यात तिथं ‘देवाचे पुत्र’ आहेत. सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या बहुतेक हस्तलिखितांत ‘देवदूत’. म्हणजे ग्रीक भाषांतरकारानं पदरचं घातलं नव्हतं, त्याच्यापुढचा हिब्रू पाठच वेगळा असणार. ईएसव्हीसारख्या आधुनिक इंग्रजी भाषांतरानं ‘देवाचे पुत्र’ थेट मुख्य मजकुरात घेतलं. तो तुकडा भिंगाखाली धरून अक्षर न् अक्षर लावणाऱ्याचं नाव ते वाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

तेव्हा असं कर. तुझ्या अभ्यासकानं ज्या वचनावर सगळ्यात जास्त घाम गाळला, असं एकच वचन निवड. त्याच्या ग्रंथाआधीची तीन भाष्यं आणि नंतरची तीन भाष्यं शेजारी मांडून त्या वचनाखाली काय लिहिलंय ते वाच. नंतरच्यांना काय नव्यानं विचारावं लागलं? कुणी त्याचं नाव न घेताच त्याचा मुद्दा वापरलाय का? तसं सापडलं तर ते आधी मला कळव, प्रकरण नंतर पाठव.

समीक्षाही वाच, विशेषतः चिडून लिहिलेल्या. गौरवग्रंथातली प्रस्तावना वगळलीस तरी चालेल. तिथं सगळेच थोर असतात.

कोष्टक फाडू नकोस. परिशिष्टात टाक. परीक्षक आधी तेच उघडतात.

तुझी,
मार्गदर्शक