ट्रायलचे पैसे, थकलेला पगार आणि गुडघा : खालच्या लीगच्या फुटबॉलपटूंचे प्रश्न

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे. कोल्हापुरात तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, सीनिअर संघातून लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) खेळतो. एक 'एजंट' आय-लीग टूच्या (देशपातळीवरच्या खालच्या लीगच्या) क्लबची ट्रायल लावून देतो म्हणतोय, पण आधी 40 हजार मागतोय. द्यावेत का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. एजंटाची कमाई करार झाल्यावर, खेळाडूच्या मानधनातल्या ठरलेल्या टक्क्यांतून होते. ट्रायलच्या आधी पैसे मागणारा माणूस ट्रायलवरच जगतो. मुलाला करार मिळाला काय, न मिळाला काय, त्याचं काही बिघडत नाही. 2023 पासून एजंटाला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव शोधा. नाव सापडलं तरी क्लबच्या कार्यालयात स्वतः फोन करून ट्रायल खरंच आहे का, ते विचारा. पुढे प्रतिनिधित्वाचा करार करायचाच झाला, तर तो दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही.

शाहू स्टेडियमवर कितीही गर्दी झाली तरी बाहेरच्या क्लबचे प्रशिक्षक तिथे क्वचितच येतात. म्हणून हे पैसे मागे ठेवून आधी व्हिडिओ नीट करा. चार मिनिटं पुरतात. लेफ्ट बॅकच्या व्हिडिओत सुरुवातीलाच गोल नकोत. समोरच्या विंगरला (कडेने हल्ला करणाऱ्याला) एकास-एक अडवणं, बॉल घेताना शरीर मैदानाकडे उघडं ठेवणं, हल्ल्यात वर गेल्यावर धावत परत येणं आणि अंगावर माणूस असताना मारलेला क्रॉस, हे आधी दाखवा. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला मुलाभोवती एक वर्तुळ पुरे. संगीत लावू नका. सोबत दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या, कारण चांगला प्रशिक्षक चुकाही बघतो. मुलगा मूळचाच डावखुरा असेल तर मेसेजच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. उजव्या पायाच्या खेळाडूंवर लेफ्ट बॅकचं काम भागवणारे क्लब कितीतरी आहेत.

निवड झाली तर एक कागद विसरू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत, म्हणजे सीआरएसमध्ये, मुलगा आज तालमीच्या नावावर आहे. तिथून रीतसर मोकळीक मिळाल्याशिवाय दुसरीकडे सही केली तर नोंदणी अडकते आणि ट्रान्सफर विंडो (क्लब बदलण्याची ठरावीक मुदत) निघून जाते. पेठेत या विषयावर रुसवेफुगवे होतातच. त्यामुळे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी हंगाम संपताच बोला, शेवटच्या आठवड्यात नको.

प्रश्न : क्लबने दोन महिन्यांचा पगार दिलेला नाही. मॅनेजर रोज 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो. मी सराव बंद करू का? (एक मिडफिल्डर, मुंबई)

उत्तर : सराव मुळीच बंद करू नका. गैरहजर राहिलात की खेळाडूनेच करार मोडला असं म्हणायला क्लब मोकळा होतो आणि भांडणाचा रोखच फिरतो. रोज वेळेवर हजर राहा.

फिफाच्या नियमावलीत 2018 पासून एक स्पष्ट तरतूद आहे. किमान दोन महिन्यांचा पगार ठरल्या तारखेला मिळाला नाही, तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यावी आणि पूर्ण थकबाकी भरायला किमान 15 दिवसांची मुदत द्यावी. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर खेळाडू सबळ कारणाने करार संपवू शकतो. मात्र तुमच्या करारात वाद कुठे आणि कसा सोडवायचा, याचं कलम असतं. नोटिशीच्या आधी ते वाचा.

नोटीस ईमेलने पाठवा, एक प्रत स्पीड पोस्टाने. तिच्यात महिना, देय तारीख आणि रक्कम वेगवेगळ्या ओळीत लिहा. 'माझे पैसे द्या' एवढ्याने भागत नाही. सोबत कराराची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. मॅनेजरचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा; 'पुढच्या आठवड्यात देतो' हीच थकबाकीची कबुली असते. पुढची पायरी म्हणजे भारतीय महासंघाची प्लेयर्स स्टेटस कमिटी, खेळाडू आणि क्लबचे वाद ऐकणारी समिती. कागद तयार करताना भारतीय फुटबॉलपटूंच्या संघटनेची, एफपीएआयची, मदत घ्या.

खालच्या लीगमध्ये प्रकरण बहुतेकदा एका वेगळ्याच जागी फसतं. नोंदवलेल्या करारात 20 हजार आणि तोंडी 'वरचे 15 रोख' असं ठरलेलं असतं. वाद झाला की वरच्या 15 हजारांचा पुरावा नसतो. जे ठरलं ते सगळं एकाच करारात लिहून घ्या. विजयाचा बोनस, राहण्याची सोय, जेवण आणि हंगाम संपल्यावर घरी जाण्याचं तिकीटसुद्धा. आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या. 'ऑफिसमध्ये आहे, नंतर देतो' हे चालवून घेऊ नका.

क्लबच गुंडाळला गेला तर वसुली फार अवघड होते. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, पुढे पुणे एफसी आणि डीएसके शिवाजियन्सही गेले. 2016 मध्ये तर गोव्याच्या तीन मोठ्या क्लबांनी आय-लीग सोडली. मोठं नाव म्हणजे सुरक्षित पगार असं समजू नका.

प्रश्न : एसीएलची (गुडघ्यातल्या लिगामेंटची) शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले. चालताना, पळताना काही दुखत नाही. मेमध्ये करार संपतोय, त्याआधी दोन सामने खेळून दाखवू का? (एक स्ट्रायकर, सावंतवाडी)

उत्तर : नको. दुखणं थांबणं ही खेळण्याची परवानगी नाही. बसवलेला लिगामेंट शरीरात मुरायला वेळ घेतो आणि सहाव्या महिन्यात तो झटक्याने वळण्याचा ताण झेलायला तयार नसतो. नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. नऊ महिने झाल्यावरही तपासणी करून घ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के हवी आणि एका पायावरच्या उड्यांतही तेवढीच बरोबरी हवी. फिजिओकडे यंत्र नसेल तर एका पायाने लेग प्रेस करून दोन्ही पायांचा फरक ढोबळमानाने कळतो. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला असेल तर भार जास्त झाला, एक पायरी मागे या.

करार संपण्याआधी क्लबकडून दुखापत संघाच्या कामावर असताना झाल्याचं पत्र घ्या. उपचाराची बिलंही आत्ताच सादर करा. पुढच्या करारात 'क्लबच्या सामन्यात वा सरावात झालेल्या दुखापतीचा खर्च मुदत संपल्यावरही क्लब करेल' हे वाक्य मागा. ते न मागता कोणी घालत नाही. आणि मधल्या सुट्टीत गावची सेव्हन-अ-साइड बक्षिसाची स्पर्धा टाळा. तिथे गुडघा गेला तर क्लब हात वर करतो, आणि बहुतेक करारांत अशा स्पर्धांना बंदीच असते.

प्रश्न : वय 24. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात अर्ज करावा, की आणखी एक-दोन हंगाम क्लबकडून खेळावं? (एक गोलकीपर, नागपूर)

उत्तर : यंदाच अर्ज करा. रेल्वेच्या खुल्या क्रीडा भरतीत वयाची मर्यादा साधारण 18 ते 25 असते आणि तिच्यात सवलत मिळत नाही. गोलकीपर 35 पर्यंत खेळू शकतो हे खरं, पण क्लब एकेका हंगामाचे करार देतात आणि रेल्वेच्या संघातून खेळणं थांबत नाही. प्रमाणपत्रं आधी तपासा. केंद्र सरकारच्या भरतीतले प्रमाणपत्रांचे नमुने देश, राज्य, विद्यापीठ आणि शालेय पातळीवरच्या प्रतिनिधित्वाचे आहेत. क्लबकडून कितीही सामने खेळलेले असोत, त्यात ते बसत नाहीत. संतोष ट्रॉफीत राज्याकडून किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळला असाल तर ते मोजलं जातं. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथे क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावाधाव केलीत तर उशीर होतो.

प्रश्न : क्लब दर महिन्याला 10 टक्के कापून पैसे देतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पगाराऐवजी व्यावसायिक मानधन म्हणून पैसे दिले जात असतील तर हो, तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर आहे. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे आयकराच्या पोर्टलवर कापलेल्या कराची नोंद (26एएस) उघडून बघा. जमा दिसत नसेल तर क्लबने कापून स्वतःकडेच ठेवलाय का, ते लेखी विचारा. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं.