पीट पॉसलथ्वेट : 'इन्सेप्शन'मधल्या त्या बापाच्या आधीचे बाप

'इन्सेप्शन'मध्ये मरणाच्या दारात असलेला तो उद्योगपती, किलियन मर्फीचा बाप, कोण आणि त्याचं आणखी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. तो पीट पॉसलथ्वेट. 'युज्वल सस्पेक्ट्स'मधला वकील कोबायाशी आणि दुसऱ्या 'ज्युरासिक पार्क'मधला शिकारीही तोच. स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं होतं. तरीही बहुतेकांना फक्त त्याचा चेहरा आठवतो, नाव नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या मते त्याची खरी ताकद बापाच्या भूमिकांत आहे. 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज' (१९८८) आधी बघा. टेरेन्स डेव्हिस या दिग्दर्शकाने लिव्हरपूलमधल्या आपल्याच कामगार घराच्या आठवणींवर तो केलाय. नाताळच्या आदल्या रात्री हा बाप झोपलेल्या मुलांकडे मायेने बघतो, पायथ्याशी भेटीचे मोजे अडकवतो. दुसऱ्या दिवशी जेवायला सगळे बसलेले असताना टेबलक्लॉथ खेचून सगळी ताटं जमिनीवर. कारण सांगितलं जात नाही. दुसऱ्या कुणी हा माणूस सरळ खलनायक करून टाकला असता. पॉसलथ्वेट ती रात्रीची माया खोटी वाटू देत नाही, म्हणून सकाळची दहशत जास्त लागते.

त्यानंतर लगेच 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) लावा. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटांत निरपराध जेरी कॉनलनला अडकवलं जातं आणि त्याच्या मदतीला बेलफास्टहून आलेले वडील जुझेप्पेही तुरुंगात जातात. खरे जुझेप्पे १९८० मध्ये कैदेतच वारले. (बापलेक एकाच कोठडीत राहतात, हे मात्र सिनेमाने घेतलेलं स्वातंत्र्य.) जेरी झालेला डॅनियल डे-लुईस आरडाओरडा करतो आणि समोर हा आजारी, देवभोळा, हट्टी माणूस आवाज न चढवता बसलेला. पाच वर्षांपूर्वी ज्याची भीती वाटत होती तोच हा नट, यावर विश्वास बसत नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली 'फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्सला गेली.

'ब्रास्ड ऑफ' (१९९६) मध्ये तो यॉर्कशरच्या कोळसा खाणीतल्या ब्रास बँडचा मास्तर आहे. खाण बंद पडतेय, फुफ्फुसात कोळशाची धूळ भरलीय, पोटचा मुलगा कर्जात बुडालाय आणि याला बँडपलीकडे काही दिसत नाही. रॉयल अल्बर्ट हॉलमधलं शेवटचं भाषण सगळ्यांना आठवतं. मला त्याआधीचा, मुलाची खरी अवस्था कळत असूनही न कळल्यासारखा वागणारा बाप जास्त मोठा वाटतो.

मुळात हा इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा, कॅथलिक कामगार घरातला. आधी शिक्षकी केली, मग ब्रिस्टल ओल्ड विक या नाट्यशाळेत शिकला आणि सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात ज्युली वॉल्टर्स, बिल नाई या नटांबरोबर घडला. २००८ मध्ये त्याच एव्हरीमनच्या रंगमंचावर परत येऊन त्याने शेक्सपिअरचा किंग लिअर केला. तोही बापच. २ जानेवारी २०११ ला कॅन्सरने गेला, वय अवघं ६४.

'डिस्टंट व्हॉइसेस'ला सरळ कथानक नाही, प्रसंग मागेपुढे होतात, त्यामुळे पहिली वीस मिनिटं धीर धरा. 'ब्रास्ड ऑफ' सबटायटल लावूनच बघा, यॉर्कशरचे उच्चार सवय नसेल तर निसटतात. तिन्ही बघून झाले की 'इन्सेप्शन'मधला तिजोरीजवळचा प्रसंग पुन्हा लावा. चार-दोन तुटके शब्दच आहेत त्याला, पण आता ते वेगळे ऐकू येतील.