पडद्याचं ऑपरेशन झाल्यावर कान कसा जपायचा

ताई, कानावरच्या स्नायूच्या पातळ आवरणाचा तुकडा पडद्याला ठिगळासारखा लावतात. त्याला जेलफोमचा, म्हणजे आपोआप विरघळणाऱ्या मऊ स्पंजचा, आधार असतो. तो विरघळेपर्यंत काही आठवडे कमीच ऐकू येईल, घाबरू नका. आधीचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट, जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते.

खरा धोका नाकाकडून. जोरात शिंकरलं की हवा घशामागच्या नळीतून मध्यकर्णात घुसते आणि ठिगळ सरकतं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा.

आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी, आत खुपसू नका. मुंबईच्या पावसात लोकलच्या दारापासून लांबच राहा. पोहणं, विमान डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. पू, चक्कर किंवा तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी दाखवा.