पर्वती चढणाऱ्याला अटॅक कसा येतो?

प्रश्न : माझे यजमान 61 वर्षांचे. रोज पर्वती चढायचे. मार्चमधली टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल होती आणि जूनमध्ये अटॅक आला. गुठळी काढल्यावर मागे ब्लॉक जेमतेम 40 टक्के दिसला. मग टेस्ट चुकली का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : टेस्ट चुकली नाही. जोरात चालताना हृदयाला रक्त कमी पडतंय का, एवढंच टीएमटी सांगते. 40 टक्के अरुंद धमनीतून रक्त व्यवस्थित जातं, म्हणून पर्वतीच्या 103 पायऱ्या चढूनही छातीत काही होत नाही. अटॅक बहुतेक वेळा येतो तो प्लाक, म्हणजे धमनीत साचलेला चरबीचा थर, फुटल्यामुळे.

नळाच्या पाइपात क्षार साचतात तसा प्लाक साचतो, ही उपमा आम्ही डॉक्टरांनीच रूढ केली आणि आता आम्हीच ती निस्तरतोय. प्लाक धमनीच्या भिंतीच्या आत असतो. मधोमध चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा पिवळट, लिबलिबीत गर. 'अथेरोमा' या नावातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चक्क पेज! या पेजेवर, दुधावर साय धरावी तसा, तंतूंचा पापुद्रा असतो. तो जाड असेल तर प्लाक वर्षानुवर्षं गप्प बसतो. पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटलेले प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तेव्हा बहुतेकांचा पापुद्रा 65 मायक्रॉनहून पातळ निघाला. म्हणजे साधारण आपल्या केसाएवढा. सफाईला आलेल्या पांढऱ्या पेशीच त्याला आतून कुरतडतात. तो फाटला की पेज रक्ताला लागते, प्लेटलेट धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी होते. तुमच्या यजमानांचं हेच झालं असावं. त्यांचं चालणं वाया गेलेलं नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा सुरू करू द्या.

प्रश्न : असा धोकादायक प्लाक अँटिबॉडी टोचून स्कॅनवर दाखवता येतो, असं मुलाने वाचून सांगितलं. पुण्यात कुठे करतात? – एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : पुण्यातच काय, रोजच्या उपचारात कुठेच अजून करत नाहीत. कल्पना मात्र सुंदर आहे. एकाच साच्यातल्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये शोधली आणि 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुजलेल्या प्लाकवरच्या एखाद्या खुणेला, उदाहरणार्थ ऑक्सिडाइज्ड एलडीएलला (एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) किंवा तिथे जमलेल्या प्लेटलेटना, नेमकी चिकटेल अशी अँटिबॉडी घ्यायची, तिला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि कॅमेऱ्यात कुठे चमकतं ते पाहायचं. प्राण्यांमध्ये हे जमलं आहे.

घोडं अडतं ते असं : अख्खी अँटिबॉडी रक्तात दिवसच्या दिवस फिरत राहते, त्यामुळे सगळं रक्तच चमकतं. गणपतीत दगडूशेठच्या रोषणाईत एक समई शोधण्यासारखं. म्हणून संशोधक आता छोटे तुकडे वापरतात. उंटाच्या कुळातल्या प्राण्यांच्या अँटिबॉडीपासून बनवलेली नॅनोबॉडी तर आकाराने जेमतेम दहावा हिस्सा. ती काही तासांत मूत्रपिंडावाटे निघून जाते. तरीही हृदयाची धमनी तीन-चार मिलिमीटरची आणि मिनिटाला सत्तर वेळा हलणारी. तिच्यातला ठिपका पकडणं सोपं नाही.

पापुद्रा आज मोजायचाच असेल तर ओसीटी आहे. त्यात धमनीत बारीक नळी सरकवून प्रकाशाने चित्र घेतात. पण ती अँजिओग्राफीच्या वेळीच होते, हौसेने करायची तपासणी नव्हे.

प्रश्न : स्टेंटनंतर गोळ्या चालू आहेत, तरी एलडीएल 98. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी पोटावर घ्यायचं इंजेक्शन सुचवतात. हीपण अँटिबॉडीच का? घ्यावं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : हो, अँटिबॉडीच. प्लाक दाखवणारी अँटिबॉडी प्रयोगशाळेत आहे, पण प्लाकवर काम करणारी केमिस्टच्या फ्रीजमध्ये येऊन बसली आहे, ही गंमत फार कुणाच्या लक्षात येत नाही. इव्होलोक्युमॅब किंवा अलिरोक्युमॅब हे औषध प्लाकला थेट शिवतसुद्धा नाही. यकृतावरचे एलडीएल ओढून घेणारे हूक पीसीएसके-9 नावाचं प्रथिन मोडीत काढत असतं, त्या प्रथिनाला ते पकडतं. हूक वाचतात, एलडीएल घसरतं.

इव्होलोक्युमॅबच्या 2017 मधल्या फूरिये चाचणीत 27,564 रुग्ण होते. इंजेक्शन घेणाऱ्यांचं एलडीएल 92 वरून 30 वर आलं. हृदयविकाराचे मोठे प्रसंग साधारण सव्वादोन वर्षांत इंजेक्शनाविना 11.3 टक्क्यांना आले, इंजेक्शनावर 9.8 टक्क्यांना. जाहिरातीत '15 टक्के घट' म्हणतात ती हीच. शंभरात दीड प्रसंग कमी आणि 15 टक्के घट, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत. मला जास्त बोलका वाटतो तो ओसीटीवरचा अभ्यास : अटॅक येऊन गेलेल्यांचा पापुद्रा नुसत्या स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या) 50 आठवड्यांत सुमारे 22 मायक्रॉनने जाड झाला, इंजेक्शन जोडल्यावर सुमारे 43 ने.

आधी स्टॅटिनचा डोस पूर्ण आहे का, एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडलीय का, आणि खरं सांगायचं तर गोळ्या रोज पोटात जातात का, हे तपासा. एवढं करूनही 98 असेल तर तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. खर्च मोठा आहे, तो आधी विचारून घ्या. आणि पेन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. माझ्या एका पेशंटने वर बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवलं होतं. गोठलं की फेकून द्यावं लागतं.

प्रश्न : सूजच जर दोषी, तर सूज मारणारी अँटिबॉडी का देत नाहीत? – एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : देऊन पाहिली. 2017 च्या कँटॉस चाचणीत 10,061 जणांना कॅनाकिन्युमॅब किंवा नुसतंच पाण्यासारखं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल हललं नाही, तरी 150 मिलिग्रॅमच्या डोसवर प्रसंग 15 टक्क्यांनी घटले. सूज दोषी आहे, हे सिद्ध झालं. पण जिवावर बेतणारे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत आणि औषध अतिशय महाग. सध्या त्या कामाला गाउटची जुनी, स्वस्त कोल्चिसिन निवडक रुग्णांना देतात. किडनी कमजोर असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये आणि मनाने तर कधीच घेऊ नये.

प्रश्न : सलाइनमधून धमन्या धुऊन देणारं चिलेशन? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : मधुमेह असलेल्या, अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2024 मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. धमनी धुता येत नाही. प्लाक भिंतीच्या आत असतो, हे वर आलंच आहे.